रेघेखालची अक्षरं

ट्रॉय, मिशिगन
१४ एप्रिल १९८५

प्रिय अक्का,

तुझं पाकीट पोचलं. सोळा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, वर डिंक, डिंकावर टाचण्या आणि टाचण्यांवर दोरा. पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता, यात आहे तरी काय. मी म्हटलं, माझी थोरली बहीण आहे. तो हसला, पण मी काही फारसं खोटं बोललो नव्हतो.

पोच द्यायला पाच आठवडे लागतात का, असं तू विचारणार. लागले. तीन पत्रं लिहायला घेतली आणि तिन्ही फाडली. सुलेखा म्हणते, आपले यजमान पार्टीत समोरच्याला घास गिळू देत नाहीत आणि बहिणीला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घामाघूम होतात. तिचं बरोबर आहे. पण या वेळी सांगण्यासारखं इतकं आहे, आणि त्यातली एक गोष्ट सांगायला इतकी अवघड आहे, की सगळं पहिल्यापासून ओळीनेच सांगतो. तू चहा करून घे आणि चष्मा पूस.

जानेवारीत मी तुला अर्धवट लिहिलं होतं. इथल्या एका पोलिश गृहस्थांची बायको महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या कॅम्पात होती, हेलेना तिचं नाव, ती तुला आठवत असेल तर जे आठवेल ते सगळं लिही, एवढंच. जास्त लिहायचं नाही अशी मला सुमेधाची ताकीद होती. साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नाही, असा तिच्या प्रोफेसरबाईंचा नियम आहे, आणि त्या नियमापुढे बापाचं काही चालत नाही.

सुमेधा इतिहास घेऊन शिकते हे मी इथल्या मराठी मंडळात अजून जरा मोघमच सांगतो. चंद्रशेखरचा मुलगा डॉक्टर होतोय, विनयची मुलगी इंजिनिअर, आणि मी इतिहास म्हटलं की लोक हळू आवाजात "होईल हो सगळं ठीक" म्हणतात. तर या मुलीला वर्षभराचं एक काम आहे. महायुद्धात लढलेल्या पोलिश सैनिकांचे अनुभव त्यांच्याच तोंडून ऐकायचे, टेप करायचे आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचे. विषय तिने निवडला, पण खापर माझ्या डोक्यावर फुटलं. ती लहान असताना आम्ही रविवारी हॅमट्रॅमिकला पाव आणायला जायचो. डेट्रॉइटने चारी बाजूंनी वेढलेलं हे पोलिश लोकांचं छोटंसं गाव आमच्यापासून पाऊण तासाच्या आत आहे. तिथल्या बेकरीत एकदा मी काउंटरमागच्या बाईला नमस्कार म्हणून 'जेन् दोब्री' म्हटलं आणि पाव हातात घेताना आभाराचं 'जेन्कुये'. बाईच्या हातातला चिमटाच खाली पडला. गाडीत बसल्यावर सुमेधाने विचारलं, "बाबा, हू टॉट यू दॅट?" मी म्हटलं, माझ्या अक्काने. मग तिला सांगावं लागलं की कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाच हजार पोलिश बायकामुलं आणि म्हातारी माणसं कौलारू बराकींत राहत होती, रशियातून इराणमार्गे आलेली; त्यांची पुरुषमाणसं इटलीत लढत होती; आपल्या बाबांचं कॅम्पात दोऱ्याबटणांचं दुकान होतं, तू सोळा वर्षांची तिथे काउंटर सांभाळायचीस आणि मी सहा वर्षांचा काउंटरखाली बसून रिकामी रिळं गोळा करायचो. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. हे सगळं तिच्या डोक्यात इतकी वर्षं राहिलं.

गेल्या ऑक्टोबरपासून दर शनिवारी सकाळी मी तिचा ड्रायव्हर, हमाल आणि कॅसेट उलटणारा आहे. तिची गाडी बर्फात चालत नाही आणि माझ्या तोंडावर तिचा भरवसा नाही, म्हणून मला कोपऱ्यातली खुर्ची मिळते. पहिल्या दिवशी मी एका आजोबांना मध्येच म्हणालो, "मग तुम्ही फार घाबरला असाल नाही?" तर टेप थांबवून मला तिथल्या तिथे समज मिळाली. तेव्हापासून मी गप्प बसून ऐकतो. अक्का, मी गप्प बसतो, हे वाचून तू हसशील. पण खरंच सांगतो, या म्हाताऱ्यांनी मला सत्तेचाळिसाव्या वर्षी ऐकायला शिकवलं. एकाने दोन तास फक्त बुटांबद्दल सांगितलं. रशियाच्या कैदेतून सुटले तेव्हा पायांना पोती बांधलेली होती, आणि इराणच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी नवे बूट दिले तर ते पायात घालवेनात, उशाशी घेऊन झोपले. दुसरे एक गृहस्थ इटलीतल्या डोंगरावरच्या लढाईचं इतकं बारीक सांगत होते की कुठला दगड कुठे होता तेही ठाऊक. पण त्या दगडाशेजारी कोण पडला होता ते आलं की म्हणायचे, "चला, कॉफी घेऊ." घरी येताना मला वाटायचं, या लोकांनी आपल्याला घरात घेतलं, बसवलं, हे सांगितलं, हेच किती आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही बोलेस्वाफ व्रोना यांच्याकडे गेलो. वय सत्त्याहत्तर, उंच, एक कान गेलेला, हात अजून सुताराचे. इथल्या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी लाकडी साचे करण्याचं काम केलं, म्हणजे माझ्याच धंद्यातले. त्यामुळे पहिला अर्धा तास आम्ही दोघं साच्यांवर बोललो आणि सुमेधा घड्याळ बघत बसली. मी त्यांना व्रोनाकाका म्हणतो. सुमेधा म्हणते, "ही इज नॉट युअर काका, बाबा." पण त्यांना ते आवडतं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला राईच्या आंबवलेल्या पिठाचं सूप वाढलं. पहिला घोट घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. आपली आंबील, अक्का! ताक आणि लसूण तेवढी वेगळी. मी म्हटलं, आमच्या कोल्हापूरला हे होतं. त्यावर त्यांचा चांगला कान माझ्याकडे वळला. "काय म्हणालात गावाचं नाव?"

मग टेप, प्रश्न, सुमेधाची यादी, सगळं बाजूला राहिलं. त्यांनी आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. आत हेलेनाची पत्रं, वळिवड्याहून इटलीला लष्करी टपालाने गेलेली, एकतीस. कापसात डांबराच्या गोळ्या घालून जपलेली. ही काळजी त्यांच्या दुसऱ्या बायकोने घेतली, ती तीन वर्षांमागे गेली. पहिलीची पत्रं दुसरीने इतकी वर्षं कसरीपासून वाचवली, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला त्या न पाहिलेल्या बाईंना नमस्कार करावासा वाटला.

हकिगत थोडक्यात अशी. चाळीस साली व्रोनांना रशियनांनी धरून उत्तरेला लाकडं तोडायला नेलं आणि हेलेनाला कझाकस्तानात. दोन वर्षांनी सुटका झाली, हे सैन्यात भरती झाले आणि इराणच्या बंदरात नवराबायकोची चार दिवस भेट झाली. चारच. मग हे इराक, पॅलेस्टाइन करत इटलीला गेले आणि ती जहाजाने कराची करत वळिवड्याला आली. पुढचं पत्रांतून. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात हेलेनाला क्षय झाला, नोव्हेंबरात तिला लिहवेना. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्रोनांनी इटलीतल्या लष्करी इस्पितळातून, स्वतःचा खांदा फुटलेला असताना, तिला एक लांब पत्र धाडलं. लढाई संपल्यावर आपलं घर कसं असेल, ते खोली खोली करून लिहिलं, कारण बाकी द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. जानेवारीच्या अखेरीला ती गेली. कॅम्पाच्या कचेरीचा छापील कागद आला. त्या लांब पत्राचं उत्तर कधीच आलं नाही. ते पत्र तिला मिळालं की नाही, चाळीस वर्षांत ते एवढंच विचारत आलेत. पाद्र्यांना विचारलं, रेड क्रॉसला विचारलं, इंग्लंडला गेलेल्या कॅम्पातल्या बायकांना विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. क्षयाच्या खाटेजवळ कोण जाणार होतं?

मग त्यांनी शेवटची तीन पत्रं माझ्यापुढे ठेवली. हेलेनाने तोंडी सांगितलेली आणि दुसऱ्या कोणीतरी लिहून घेतलेली. ते म्हणाले, हे अक्षर कुणाचं ते बघा, मी असं अक्षर आयुष्यात पाहिलं नाही. मी कागद जवळ ओढून पाहिला, अक्का. कागद रेघांचा. अक्षरं इंग्रजी, भाषा पोलिश, आणि एकही शब्द रेघेवर बसलेला नाही. सगळे शब्द वरच्या रेघेला लोंबत होते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. सुमेधाला त्यात फक्त विचित्रपणा दिसला. मला दिसली ती रेघेखाली लिहायची सवय लागलेली मराठी मुलगी. मराठी सातवी झालेली, इंग्रजी मुळाक्षरं नुकती शिकलेली, आणि वही आखली की अक्षर रेघेला टांगायचं एवढंच जिच्या हाताला माहीत. इथल्या कुठल्या प्रोफेसराला ते ओळखता आलं नसतं. व्रोनाकाका म्हणाले, "हेलेना तिला कांचानका म्हणते. शेवटपर्यंत हीच मुलगी जवळ होती." तू एका मडमकडे दवाखान्यात जायचीस आणि मी बाहेर पायरीवर बसायचो, एवढं मला आठवत होतं. नाव माहीत नव्हतं. तरी मी त्यांना तेव्हा काही बोललो नाही. वळिवड्याला तुझ्यासारख्या कांचन नावाच्या दहा मुली असतील, म्हाताऱ्या माणसाला उगाच आशा लावायची आणि तुला काही आठवत नसलं तर? म्हणून आधी तुला लिहिलं.

आणि तू सोळा पानं पाठवलीस. चाळीस वर्षांत या विषयावर तू माझ्याशी सोळा वाक्यं बोलली नव्हतीस.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तुझं पत्र घेऊन व्रोनाकाकांकडे गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी करताना हनुवटी कापून घेतली होती. स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. मी एक एक परिच्छेद मराठीत वाचायचा आणि इंग्रजीत सांगायचा, सुमेधा टेप सांभाळायची. दोऱ्याचा रंग जुळवायला हेलेना दुकानात कशी यायची, निळ्याच्या सात छटा तिने तुला कशा शिकवल्या, तिच्याकडून तू वाचायला कशी शिकलीस. मग तिचा खोकला, दवाखान्याची शेवटची खोली, नर्स दारातूनच ताट सरकवायची ते. तिला काही जाईना तेव्हा तू घरून आंबील नेलीस आणि तिने डोळे मिटून आपल्या गावाचं नाव घेतलं, हे वाचलं तेव्हा व्रोनाकाकांनी टेबलावर हलकेच बोटं वाजवली. मी पुढे वाचत राहिलो. ती सव्वीस जानेवारीच्या पहाटे गेली, तू आदल्या संध्याकाळी तिचे केस विंचरले होतेस, तिला फार त्रास झाला नाही, ती एकटी नव्हती कारण तू शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तिचा हात धरायला सांगून आली होतीस. हे सगळं तू जसं लिहिलंस तसं मी सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आणि मग अकरावं पान. तू लिहिलंस, 'तिच्या यजमानांचं एक लांब पत्र मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. तिला दिसत नव्हतं म्हणून मी रोज वाचून दाखवायची, कधी कधी दिवसातून तीनदा. अकरा दिवस. मला त्याचा बराचसा भाग पाठ झाला होता. पोलिश अक्षरं आता विसरले, पण उच्चार गेलेले नाहीत. कान धरून लिहिते, चूकभूल पोटात घाला.' आणि खाली दीड पानभर आपल्या मराठी अक्षरांत ते पोलिश. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मी व्रोनाकाकांना काही समजावून न सांगता वाचायलाच सुरुवात केली. तू लिहिलंस तसं, जोडाक्षरांवर अडखळत. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी चांगला कान पुढे केला. मी 'पो लेवेय स्त्रोनिये' म्हणालो आणि पान उलटायला थांबलो, तर पुढचे शब्द त्यांनी म्हटले. मी पान उलटून बघितलं. तेच शब्द होते. मग मी एक ओळ, ते एक ओळ, असं आम्ही ते पत्र संपवलं. सुमेधा टेपवर हात ठेवून रडत होती. व्रोनाकाका रडले नाहीत. ते नुसते म्हणत राहिले, "मिळालं होतं. तिला मिळालं होतं."

'पो लेवेय स्त्रोनिये'च्या त्या ओळीचा अर्थ तुला चाळीस वर्षांनंतर आठवत असेल का माहीत नाही, म्हणून लिहितो. 'तुझं शिवणाचं टेबल मी खिडकीपाशी करीन आणि खण सगळे डाव्या बाजूला लावीन, कारण तू डावखुरी.' हे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी ते टेबल आहे, अक्का. इथे आल्यावर पहिल्या वर्षीच केलेलं, अक्रोडाच्या लाकडाचं, खण डावीकडे. दुसरी बायको उजव्या हाताची. सत्तावीस वर्षं ती बिचारी त्या खणांवरून कुरकुर करत तिथेच शिवत राहिली आणि यांनी कधी कारण सांगितलं नाही. "तिला माहीत होतं बहुतेक," असं म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

तुझ्या त्या दीड पानाने काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. त्यांची शेजारीण मला म्हणाली, म्हातारा रात्रीची झोप घ्यायला लागला, चर्चमध्ये गातो, आणि बेसूर गातो. सुमेधाच्या प्रोफेसरबाईंनी टेप दोनदा ऐकला. त्या म्हणाल्या, असा साक्षीदार त्यांना अजून भेटलेला नाही. सुमेधा तुला स्वतः लिहिणार आहे, इंग्रजीत. तिने मराठीत लिहावं म्हणून मी हट्ट केला नाही. पण गेले तीन आठवडे ती माझ्याकडून बाराखडी गिरवून घेते आहे, वीस वर्षांची घोडी. तुझी सोळा पानं तिला स्वतः वाचायची आहेत. या एका गोष्टीसाठी मी तुझे दहा वेळा आभार मानायला तयार आहे.

आता राहिलेलं. त्याच शनिवारी, आम्ही निघताना, व्रोनाकाकांनी मला विचारलं, "तुमच्या बहिणीचं लग्न झालं?" मी म्हटलं, नाही. त्याच हिवाळ्यात इचलकरंजीचं एक स्थळ आलं होतं, पण पत्रिका जुळली नाही. मग तिने पुढे शिकायचं ठरवलं, शिक्षिका झाली, आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, इंजिनिअर केलं. आपल्या घरात जे सांगत आले तेच मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तिला धाकटे भाऊ किती?" मी म्हटलं, मी एकटाच. त्यावर त्यांनी लहान मुलाच्या कोटाची बटणं लावून द्यावीत तशी माझी कॉलर सारखी केली आणि "रस्त्यावर बर्फ आहे, जपून जा" एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मुलीला आणू नका, टेप आणू नका. मी कामावरून परस्पर गेलो. टेबलावर एकच कागद होता. ते म्हणाले, पत्रं एकतीस नाहीत, बत्तीस आहेत. हे मी कोणाला दाखवलं नाही. हेलेनाने जाळायला सांगितलं होतं, मी जाळलं नाही. तुमच्या बहिणीने सोळा पानांत सगळं लिहिलं, आणि यातलं एक अक्षर लिहिलं नाही. ते ऐकल्यावर मी आठवडाभर विचार करतोय. हे असंच ठेवलं तर माझ्यामागे कोणाला कळणार नाही, आणि तिचे आभार मानणाऱ्या माणसाला काय घडलं ते माहीत हवं. तो कागद पेन्सिलने लिहिलेला, ओळी खालीवर गेलेल्या, हेलेनाच्या स्वतःच्या हातचा. तिने सुरुवातीलाच म्हटलं होतं, हे मला कांचानकाला सांगून लिहवून घेता येणार नाही, म्हणून मीच लिहिते. व्रोनाकाकांनी तो मला शब्दाला शब्द इंग्रजीतून सांगितला. मी तो आता तुला मराठीत सांगतो.

'कांचानकाचं लग्न मोडलं, आणि ते माझ्यामुळे. तिला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी तिच्या धाकट्या भावाला जवळ घेऊन विचारलं, तुझी अक्का दिवसभर काय करते. त्याला तिचा फार अभिमान आहे. त्याने सांगितलं, अक्का रोज दवाखान्यात मडमला चमच्याने भरवते, मडम खोकते तेव्हा रक्त येतं, अक्का ते पुसते. पाहुणे पाणीसुद्धा न पिता उठले. तिच्या घरी हे काही माहीत नव्हतं. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी तिला म्हटलं, आता येऊ नकोस. ती दुसऱ्या दिवशी आली. हे तिने मला हसत सांगितलं आणि मग रडली. तिने घरातल्या सगळ्यांना शपथ घातली आहे की पत्रिका जुळली नाही असंच सांगायचं. ती म्हणते, तो फार बोलका आहे, त्याला हे कळलं तर तो बोलायचा थांबेल.'

अक्का, मला तो दिवस आठवतो. गेली चाळीस वर्षं मी तो माझ्या बालपणीचा सगळ्यात चांगला दिवस म्हणून जपला होता. सोनेरी काड्यांच्या चष्म्याच्या त्या गृहस्थांनी मला मांडीवर घेतलं होतं, आणि मी सांगत होतो आणि सगळी मोठी माणसं गप्प राहून माझं ऐकत होती. त्याआधी माझं असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. ती गप्प का झाली ते मला मागच्या महिन्यात, हॅमट्रॅमिकमध्ये कळलं. तुझं आयुष्य मी वाया घालवलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तू पुढच्या विमानाने येऊन माझ्या मुस्काटात देशील, आणि तुझ्या शाळेतून तीस वर्षांत शिकून गेलेल्या मुली तुझ्या मागे उभ्या राहतील. माफीही मागत नाही. सहा वर्षांच्या पोराला तू त्याच दिवशी माफ करून टाकलं होतंस, मला त्याची खबरही लागू न देता. मी फक्त आभार मानतो. आजवर शिक्षणाचे मानले, डब्याचे मानले, विमानतळावर न रडल्याचे मानले. हे राहिले होते. शाळेत, कॉलेजात, इथल्या मीटिंगांत, सासुरवाडीला, सगळीकडे मी तोंड उघडायला कधी भ्यालो नाही, आणि तो माझा स्वभाव आहे असं मी समजत होतो. तो तू राखलेला होता. सोबत हेलेनाचा अडतीस सालचा फोटो आहे, व्रोनाकाकांनी तुझ्यासाठी दिला. तू तिला युद्धाच्या दिवसांतच पाहिलंस, ती हसते कशी ते बघ. आणि पाकिटाची पोच म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, ते एवढं सांगायला लिहिलं: अक्का, मला कळलं. आणि बघ, मी बोलायचा थांबलेलो नाही.

तुझाच,
जगू